मेंढ्यांचा वाडा आणि गजराबाईचा शेक

"तू कामून पळती गं?"

माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा. बाईला टेबलावर झोपवायचं, तिचा हात डोक्यामागं ठेवायचा, मशीनचं तोंड छातीवरच्या रेघेवर आणायचं, "आता हलायचं नाही हं" म्हणायचं, आणि आम्ही सगळ्यांनी लगबगीनं बाहेर पडून ते जाडजूड दार लावून घ्यायचं. आत ती एकटी. मग दार उघडलं की ती विचारणारच. औषध चांगलं आहे म्हणता, तर तुम्ही पळता कशाला? शहागंजातल्या एका कापडवाल्याच्या बायकोनं तर दारातच माझ्या कोटाची बाही धरली होती. "अच्छी चीज हय तो तुम बी ठैरो ना अंदर. भागते कायकू?"

मी सांगायचे, "अहो, तुम्हाला हे थोडे आठवडे घ्यायचंय. मला रिटायर होईपर्यंत इथंच राहायचंय. वाढणारी बाई प्रत्येक पंगतीला जेवायला बसली तर तिचं काय होईल?" बऱ्याच जणींना हे पटायचं. ज्यांना पटायचं नाही त्याही दुसऱ्या दिवशी यायच्या. मला नवल वाटायचं ते याचंच. न पटता, घाबरत, अंगाची कातडी सोलत असताना, एसटीत उभ्यानं, त्या दुसऱ्या दिवशी यायच्या. मी रोज बघायचे आणि रोज मला ते नवं वाटायचं.

मी डॉक्टर नव्हे. औरंगाबादेतल्या एका मोठ्या दवाखान्यात, शहराचं नाव तेव्हा तेच होतं, किरणोपचाराच्या विभागात टेक्निशियन होते. छावणी भागात घर, सायकलवर नोकरी. माझी जीभ तिखट आहे, हे माझ्या सासूपासून आमच्या डॉक्टरसाहेबांपर्यंत सगळ्यांनी मला वेळोवेळी कळवलेलं आहे. पण हात हलका होता, असं पेशंट म्हणायच्या, आणि मला तेवढं पुरायचं.

आमचं काम काय, ते बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडं कोबाल्टचं मशीन होतं. त्याच्या डोक्यात शिशाच्या जाड कोशात त्या धातूचा लहानसा तुकडा ठेवलेला असतो. बाहेरून बटण दाबलं की तो पुढं सरकतो, वेळ भरली की आपल्या जागी परत जातो. त्याचे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, अंगावर पडतात तेव्हा काही कळत नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ काढली किंवा सगळा स्तन काढला, तरी एखादी चुकार पेशी मागं राहिलेली असू शकते. तिच्यासाठी हे किरण. रोज थोडे थोडे, शनिवार-रविवार सोडून, कित्येक आठवडे. "रोज रोज कशाला? एकदाच काय ते देऊन टाका की," असंही विचारायच्या. एकदम दिले तर चांगली कातडी, चांगलं मांसही जळेल. रोज थोडे दिले की चांगल्याला सावरायला रात्र मिळते, वाईटाला तेवढी मिळत नाही. एवढंच आहे त्यात. पण म्हणूनच मधे खाडे करून चालत नाही. अर्धवट सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात.

आमच्या भागात याला कोणी किरण म्हणत नाही. सगळे "शेक" म्हणतात. शेकाला चालले, शेक चालू आहेत, तिला शेक सोसेनात. मीही तेच म्हणते.

आणि शेकात सगळं काही नेमावर. छातीच्या आत काळीज आहे, फुप्फुस आहे. त्यांना वाचवून दोन्ही बाजूंनी तिरपे किरण सोडायचे. त्यासाठी आधी एक दिवस नुसता मोजमापाचा. डॉक्टरसाहेब जागा ठरवणार आणि मी जांभळ्या शाईनं छातीवर रेघा ओढणार. पुढं रोज त्याच रेघा, तसाच हात, तसंच झोपणं. बोटभर सरकलं की नेम चुकला. त्या शाईला पाणी चालत नाही, साबण चालत नाही, तेल-हळद तर मुळीच नाही. आता सांगा, आपल्याकडच्या बाईला आंघोळीला पाणी नको म्हणायचं म्हणजे काय! एक मास्तरीणबाई गळ्यापर्यंत पंचा गुंडाळून, मान वाकवून फक्त केस धुवायच्या. त्यांना त्याची इतकी सवय झाली, की शेक संपल्यावरही महिनाभर तसंच करत होत्या.

गजराबाई पिशोरकडच्या एका वस्तीवरून आली. उंच, सडसडीत, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण, दंडात चांदीचं कडं. डावा स्तन काढलेला, जखम चांगली भरलेली. हात मात्र आखडलेला. तो डोक्यामागं न्यायला तिला घाम फुटायचा, पण तोंडातून हूं की चूं नाही. तिचा नवरा धोंडिबा बाहेर लिंबाखाली उकिडवा बसलेला असायचा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढरांची माणसं. ती मला अहोजाहो करायची नाही. "बाई, तू" म्हणायची, आणि मला त्याचं बरं वाटायचं.

मोजमापाच्या दिवशी मी तिला नेहमीसारखं बजावलं. "गजराबाई, या रेघा जीवापलीकडं जपायच्या. रेघ गेली तर नेम गेला. तुमचा नंबर पुढच्या आठवड्यात लागेल, तोवर सांभाळा." ती "व्हय" म्हणाली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात आली. मी टेबलापाशी तिची चोळी बाजूला केली आणि माझे डोळेच पांढरे झाले. छातीवर रेघा होत्या. चांगल्या ठळक होत्या. पण हिरव्या!

"गजराबाई, हे काय हो?"

"गोंदून घेतलं," ती म्हणाली. अशा ऐटीत म्हणाली, की जणू बाजारात सगळ्यात स्वस्त भाव तिलाच मिळालाय. "तूच म्हनली ना, रेघ गेली तं नेम गेला. तुही शाई घामानं जाऊ राह्यली व्हती. घोंगडीनं घासू राह्यली व्हती. म्हनलं, एकदाचं कायमचंच करून टाकू. आता मेल्यावर बी जात नाय."

पिशोरच्या बाजारात गोंदणारी बाई येते. तिच्यापुढं ही जाऊन बसली, दोन जावांनी घोंगडीचा आडोसा धरला. "ती म्हनली, तुळस काढू का इंचू काढू? म्हनलं, काय बी काढू नको माय. ह्या रेघा दिसू राह्यल्या, त्याच्यावरून सुई फिरव. ती भेली. मी म्हनलं, फिरव, दवाखान्याचं काम हाये."

आमचे सलीमभाई, खोलीतले मदतनीस, पेशंटला उचलणं-झोपवणं त्यांच्याकडं. ते दारातून म्हणाले, "मॅडम, ये तो पक्का काम करा के आई." मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. ऑपरेशनच्या जागेवर, ताज्या भरलेल्या कातडीवर, ही बाई भर बाजारात सुया टोचून घेऊन आली होती. कशासाठी, तर आमचा नेम चुकू नये म्हणून.

तशी तिची कल्पना काही वेडी नव्हती. मोठ्या शहरातल्या दवाखान्यांत पक्का ठिपका टोचतातच. पण तो टेबलावर, झोपलेल्या स्थितीत, हात डोक्यामागं असताना. हिनं गोंदून घेतलं ते बाजारात मांडी घालून, हात खाली सोडून. हात वर नेला की छातीची कातडी वर सरकते, आणि तिच्याबरोबर रेघाही. टेबलावर झोपवून बघितलं तर हिरव्या रेघा खऱ्या जागेपासून दोन बोटं लांब. वर ती जागा सुजलेली, लालबुंद, खपली धरलेली.

डॉक्टरसाहेब आले. बघितलं. "हिला हे कोणी सांगितलं?" म्हणून सगळ्यांकडं नजर फिरवली. मी छताकडं बघत राहिले. मग ते तिच्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "आजी, हे भरल्याशिवाय शेक देता येणार नाही. खपली पडू दे, सूज जाऊ दे, मग नव्या रेघा काढू." गजराबाई आजी वगैरे काही नव्हती, माझ्यापेक्षा जेमतेम चार-सहा वर्षांनी मोठी असेल. पण साहेब घाबरले की सगळ्यांना आजी म्हणत.

तिचा चेहरा एकदम उतरला. "म्हंजी कधी?"

हिशेब केला तर शेक दिवाळीच्या तोंडावर सुरू होणार आणि दिवाळी होऊन बऱ्याच दिवसांनी संपणार.

हे बाहेर कळलं तसा धोंडिबा उठून आत आला. आत यायला मनाई आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. "दिवाळीपस्तोर सोडा तिला, बाईसाहेब," तो मला म्हणाला. "दिवाळी झाली की वाडा निघतो."

वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे. मेंढ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं, भांडीकुंडी असा सगळा मिळून त्यांचा वाडा. पाऊसकाळ गावाकडं काढायचा, आणि दिवाळी झाली की नगरच्या रस्त्यानं गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला उतरायचं. तिथं पिकं निघालेली असतात. शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, खत होतं. मेंढ्यांना चारा, यांना धान्य. उशीर झाला की दुसरे वाडे आधी पोहोचतात, चांगली रानं जातात, आणि थंडीत कोकरं मरतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की हा माणूस कॅन्सरच्या बायकोला मेंढ्यांमागं न्यायला निघालाय. मी भडकले.

"तुम्हाला बायको पाहिजे का मेंढ्या?"

तो काही बोलला नाही. काठीनं फरशी उकरल्यासारखं करत राहिला.

साहेबांनी दोघांना बसवून नीट समजावलं. सुरू केल्यावर मधेच सोडायचं नाही. सोडलं तर आजार परत येऊ शकतो, आणि परत आला तर आमच्या हातात फारसं काही राहणार नाही. रोज याल? धोंडिबा खाली बघत होता. गजराबाई म्हणाली, "येते."

मला खोटं कशाला बोलू, विश्वास वाटला नाही. "येते" म्हणून न आलेल्या किती जणी मी बघितल्या होत्या. पेरणी आली, भावाचं लग्न आलं, सासू पडली, सुनेचं बाळंतपण आलं, की बाई गायब. मग वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दारात उभी. तेव्हा तिच्याकडं बघवायचं नाही. त्यांच्यावर ओरडून ओरडून माझी जीभ तिखट झाली असावी. त्यांच्यातल्या एकेकीचा चेहरा अजून डोळ्यांपुढं येतो आणि वाटतं, तेव्हा आणखी जोरात ओरडायला हवं होतं.

खपली पडली. मी नव्या रेघा काढल्या, जांभळ्या, हिरव्यांच्या शेजारी. शेक सुरू झाले.

पहिल्या दिवशी दार लावताना तिनं तो प्रश्न विचारलाच. "तू कामून पळती गं?" मी पंगतीचं उत्तर दिलं. ती जरा विचार करून म्हणाली, "मला आजपस्तोर कोनी खोलीत एकटं ठुलं नाय. वाड्यात कुठं एकटं व्हता येतं?" मी बाहेर येऊन, आतली खोली दिसते त्या टीव्हीच्या पडद्यावर बघत बसले. कित्येक जणी पहिल्या दिवशी उठून बसतात, नाक खाजवतात, रडतात. ही जशी ठेवली तशी. श्वासानं पोट हलत होतं तेवढंच. मी नंतर विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की."

"मग हलला नाहीत ते?"

"मेंढी अडली की पोटात हात घालून कोकरू वढावं लागतं. तवा हाललं तं दोन्ही जातेत. त्याची सवय हाये."

मला चांगली नोकरी होती, पगार होता, पण अशी सवय मला कशाचीच नव्हती.

रोज सकाळी माझी मात्र परीक्षा. तिच्या छातीवर दोन दोन रेघा. हिरव्या ठसठशीत, कायमच्या, आणि चुकीच्या. जांभळ्या फिकट, रोज थोड्या पुसणाऱ्या, आणि बरोबर. घाईगर्दीत डोळा ठळक रेघेकडं जातो. मी मशीन लावलं की सलीमभाई मागून म्हणायचेच, "मॅडम, जामनी वाली!" शेवटी शेवटी गजराबाईही म्हणायला लागली. झोपल्या झोपल्या, छताकडं बघत, "जामनी, बाई, जामनी." एकदा मी वैतागून म्हणाले, "गजराबाई, पुढच्या वेळी काही गोंदायचं झालं तर मला विचारा." ती हसली. "पुढच्या खेपंला तुलाच गोंदीते. कपाळावर. जामनी."

दिवाळी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी दाराकडं बघत होते. ही आता यायची नाही. आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली. आठवडा गेला, तरी येतच होती. पण एक गंमत माझ्या लक्षात आली. आधी ती पिशोरच्या गाडीनं यायची. आता चालत यायला लागली, आणि दर थोड्या दिवसांनी वेगळ्याच वाटेनं. एकदा हर्सूलकडून, एकदा पाय काळ्या चिखलानं माखलेले घेऊन चिकलठाण्याकडून, मग शहरालगतच्या सातारा गावाच्या डोंगराकडून.

"गजराबाई, तुमची घरं तरी किती आहेत हो या शहरात?"

"एकच हाये. त्याला पाय हायेत," ती म्हणाली.

मग हळूहळू उलगडलं. वाडा निघाला होता, पण गंगथडीला गेलाच नव्हता. तो शहराभोवती फिरत होता! हर्सूलच्या एका शेतकऱ्याचं रान मिळालं, तिथं मेंढ्या बसवल्या. ते रान संपलं की पुढचं. तिथलं संपलं की त्याच्या पुढचं. अख्खा वाडा, त्यातली तीन-चार घरं, पोरं, घोडी, कुत्री, सगळी आमच्या औरंगाबादला प्रदक्षिणा घालत होती, आणि मधोमध दवाखाना, जिथं गजराबाई रोज शेकाला येऊन टेबलावर झोपायची. मी आत बटण दाबत होते तेव्हा बाहेर हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी सलीमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "सुभानल्ला."

पण रानं काही संपत नाहीत असं थोडंच आहे? शहराच्या कडेला चारा किती, आणि बंगल्यांचे प्लॉट पडायला तेव्हा सुरुवात झालीच होती. एक अवकाळी पाऊस झाला. दोन-चार कोकरं गारठून मेली. गजराबाईनं मला ते सांगितलं, पण टेबलावरून उतरल्यावर. झोपलेली असताना ती असलं काही बोलायची नाही, छाती हलते म्हणून.

शेवटच्या टप्प्यात व्हायचं तेच झालं. शेकानं कातडी आधी काळवंडते, मग लाल होते, आणि घाम साचतो तिथं सोलून निघते. गजराबाईची काखेची घडी सोलली. ओली, लाल, हात जवळ घेतला तरी आग. तशातच ती साताऱ्याहून पायी यायची, पदराखाली हात जरासा उचलून धरून. साहेबांनी बघितलं आणि शेक थोडे दिवस थांबवले. मलम दिलं, सैल सुती चोळी घाल म्हणाले, घोंगडी नको, ओझं नको.

"थांबवू नका, साहेब," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत तिनं काही मागितलं असेल तर ते हेच. "जळू द्या. माझं मी बघते."

साहेबांनी ऐकलं नाही, ते बरोबरच होतं. पण बाहेर धोंडिबाला हे सांगायची पाळी माझ्यावर आली. तो लिंबाखालून उठून उभा राहिला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

"आता अजून लांबलं?"

"हो."

"कधी सोडता, बाईसाहेब? एकदाचं सांगा. कधी सोडता?"

या वेळी मी ओरडले नाही. तारीख सांगितली. पण मनात आलं ते आलंच, की हा आता हिला ठेवून निघणार. एखाद्या नातेवाइकाच्या ओसरीवर टाकेल आणि मेंढ्या घेऊन जाईल. त्याचं तरी काय चुकलं असतं? आणि ही एकटी मागं राहिली तर रोज येईल का, की एक दिवस वाड्यामागं निघून जाईल? सगळं केलेलं शेवटच्या थोड्या शेकांसाठी पाण्यात जाणार की काय, याचा मला घोर लागला. घरी भाजी करपवली, नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच डाफरले.

काखेची जागा सुकली, शेक पुन्हा सुरू झाले, ती येत राहिली. पुढं ती जगली, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांना घोर नको. कित्येक वर्षं वाडा शहराजवळून जाताना ती तपासणीला डोकावायची, आणि तपासणी राहिली बाजूला, माझ्यासाठी खर्वस आणायची, मेंढीच्या चिकाचा. मला तो कधी खाववला नाही. हेही तिला मी कधी सांगितलं नाही.

मला सांगायचाय तो शेवटच्या शेकाचा दिवस.

त्या दिवशी सकाळीच मशीन रुसलं. बटण दाबलं तर काही सरकेना. इंजिनिअरला फोन केला, तो येतो म्हणाला. रांगेतल्या बाकीच्या जणी उद्या येतो म्हणून गेल्या. गजराबाई बाकावर बसून राहिली. "उद्या या," मी म्हणाले. ती म्हणाली, "आज." मी माझ्या डब्यातली पोळी-भाजी दिली. तिनं पोळी घेतली, दोन घास खाल्ले, आणि बाकीची पदरात बांधून ठेवली. इंजिनिअर आला, मशीनच्या पोटात डोकं घालून बसला, आणि दुपार कलंडल्यावर एकदाचा म्हणाला, "झालं, बघा."

मी तिला टेबलावर घेतलं. हात डोक्यामागं. सलीमभाई म्हणाले, "जामनी." दार लावलं, बटण दाबलं, पडद्यावर बघत बसले. ती पहिल्या दिवशी होती तशीच झोपली होती. वेळ भरली, घंटी वाजली, मी दार उघडलं. "झालं, गजराबाई. संपलं." ती उठून बसली, चोळी नीट केली आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"बाहेर. वाडा उभा हाये."

माझी ड्यूटी संपलीच होती आणि छावणीचं घर त्याच वाटेवर. मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत निघाले. छावणीच्या पलीकडं, नगर रस्त्याच्या कडेला, तो वाडा मी पहिल्यांदा बघितला. शेकडो मेंढ्या एकमेकींच्या अंगात तोंडं खुपसून उभ्या. पुढं घोडी, त्यांच्यावर भांडी, घोंगड्या, उलटी बाज, बाजेच्या पायांना बांधलेल्या कोंबड्या, गाठोड्यात निजलेलं एक लेकरू. ओझी सकाळीच लादलेली. सगळी माणसं सकाळपासून तशीच, निघायच्या तयारीत, उन्हात उभी. येणारे-जाणारे ट्रकवाले शिव्या घालत होते. त्या शिव्याही दिवसभर खाल्लेल्या.

मला राहवलं नाही. मी धोंडिबाला म्हणाले, "अहो, सकाळपासून कशाला ताटकळलात? मेंढ्या घेऊन तुम्ही पुढं निघायचं. ही मागून एसटीनं आली असती."

"कुठं आली असती?"

"तुम्ही जिथं उतरला असाल तिथं."

त्याला माझं बोलणं कळेचना. मग लहान पोराला सांगावं तसं त्यानं मला सांगितलं. "बाईसाहेब, आमी कुठं उतरायचं ते तिनं सांगितल्याबिगर कसं कळंल? आमी गडी निस्ते मेंढरामागं. घोडी घिऊन बाया पुढं जातेत. त्या जिथं चुलीचे दगडं मांडतेत, तिथं वाडा. आन् आमच्या वाड्याचं पयलं घोडं हिचं. ही हितं शेकाला, तं वाडा बी हितंच. दुसरीकडं कुठं जानार?"

आणि मी याला विचारलं होतं, बायको पाहिजे का मेंढ्या! तो का गप्प बसला ते मला आत्ता कळलं. माझा प्रश्नच त्याला समजला नसणार. मी सायकलची घंटी उगीच एकदा वाजवली.

गजराबाई पहिल्या घोड्यापाशी गेली. त्याच्या मानेवर थापटलं, दोर ओढून बघितला. तिला बघून सगळा वाडा हलला. माणसांनी काठ्या उचलल्या, कुत्री उठली, मेंढ्यांत या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरकुर सुरू झाली. तिनं दोर हातात घेतला, रस्त्याकडं बघितलं, उतरत्या उन्हाकडं बघितलं. आणि तशीच थांबली.

"लई दमले मी," ती म्हणाली.

इतक्या आठवड्यांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"आज नाय व्हत. आज हितंच उतरू."

मी धोंडिबाकडं बघितलं. दिवाळीपासून अडकलेला माणूस, मेलेली कोकरं, सकाळपासून लादलेली ओझी, भोवती गवताची काडी नाही. त्यानं काठी मातीत रोवली, तिच्या घोड्यावरची वाकळ सोडली, रस्त्यापासून आत बाभळीखाली नेऊन अंथरली आणि दगड-काटे हातानं वेचून बाजूला केले. गजराबाई येऊन वाकळीवर कुशीला पडली आणि लगेच झोपली. मागं बायका घोड्यांवरची ओझी उतरवत होत्या, आणि एक जण चुलीसाठी दगड शोधत होती.